कागदावरचं शिवणकाम

लग्नाच्या पंगतीत कुणी माझी ओळख करून दिली, "या इन्कम टॅक्सचं काम बघतात," की शेजारच्या पानावरचा माणूस जिलबीचा तुकडा हातात तसाच धरून विचारतो, "मॅडम, आम्हाला रिफंड किती मिळेल हो?" कर किती भरावा लागेल, असं मला आजवर एकाही पंगतीत कुणी विचारलेलं नाही. माणसाचं नाव माहीत नाही, पगार माहीत नाही, पण रिफंड सांगायचा. मीही आता सरावाने म्हणते, "आधी जेवून घ्या."

संपादकांनी सांगितलं, दिवाळी आहे, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले आणि एकच बाई डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून तिचंच लिहिते. तिचं नाव इथे बदललं आहे.

मी सी.ए. नाही. बी.कॉम. झाले, मग कायदा शिकले आणि नाशिकला रविवार कारंज्याजवळ भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर टेबल टाकलं. पाटीवर 'करसल्लागार' लिहिलं, तर पहिल्या वर्षी दोन जण घराच्या करारासाठी आले. काम तसं साधं आहे. तुमच्या पगारातून कंपनी आधीच कर कापते, ठेवीच्या व्याजातून बँक कापते. वर्ष संपलं की तुम्ही सगळं उत्पन्न एका जागी मांडून दाखवायचं, त्याला रिटर्न म्हणतात. कापलेला कर जास्त झाला असेल तर तो परत येतो, तो रिफंड. म्हणजे आपलेच पैसे सरकारकडे राहून घरी येतात. तरी ते खात्यात पडले की लोक पेढे आणतात. मी खात आले, तक्रार नाही.

सातपूरच्या एका कारखान्यातला कामगार एकदा तावातावाने आला. "मॅडम, आमच्या लाइनीवर सगळ्यांना रिफंड आला. मलाच नाय."

"तुमचा कर बरोबर तेवढाच कापलाय," मी म्हटलं. "परत काय येणार?"

"कॅन्टीनला एक जण येतो ना. तो देणगी दाखवतो, घरभाडं दाखवतो, लगेच रिफंड. त्यातले थोडे तो घेतो."

"तुम्ही देणगी दिली होती?"

"मी कुणाला देणार? मलाच कुणी देत नाय." मग माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, "तुम्हाला जमत नसंल तर तसं सांगा ना सरळ."

पुढे त्याच्या लाइनीवरच्या एकेकाला नोटिसा आल्या, रिफंड व्याजासकट परत भरावे लागले. तेव्हा हा अर्धा किलो चिवडा घेऊन आला आणि काही न बोलता ठेवून गेला. इतकी चांगली पावती मला दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

पण खोटं दाखवायचे प्रकार काही फक्त कॅन्टीनमध्ये होत नाहीत. चांगल्या घरांतून, चहा-बिस्किटं पुढे ठेवून होतात. त्यातल्या एका प्रकाराला आमच्या धंद्यात 'लेडीज फाईल' म्हणतात.

घरात कमावणारा एक असतो. सगळं उत्पन्न त्याच्याच नावावर दाखवलं तर कर जास्त बसतो. मग थोडे पैसे बायकोच्या किंवा सुनेच्या नावावर ठेवीत टाकायचे. व्याज तिचं, आणि तिला दुसरं उत्पन्न नसल्यामुळे कर नाही. कायदाही बावळट नाही. नवऱ्याने बायकोला किंवा सासऱ्याने सुनेला पैसे दिले, तर त्याचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्यावर आमच्या लोकांनी तोड काढली. पैसे दिलेले नाहीतच, तिने स्वतः कमावलेत. कशातून? शिवणकामातून. शिकवण्या चालतात, पापड-लोणची चालतात, पण शिवणकामासारखी सोय नाही. दुकान नको, पावत्या नकोत, गिऱ्हाईक रोख देऊन जातं. दरवर्षी आकडा थोडाथोडा वाढवत न्यायचा. नाशिकमध्ये कागदावर जेवढ्या बायका शिवतात तेवढ्या खरोखर शिवत असत्या, तर मालेगावचे सगळे माग रात्रंदिवस चालूनही कापड पुरलं नसतं.

माझ्याकडेही अशा फायली होत्या. नव्हत्या म्हणणारा सल्लागार मला दाखवा.

वैशाली आली ती आईला बरोबर घेऊन. माहेर मखमलाबादचं, फुलांची आणि भाजीपाल्याची शेती. आई फुलबाजार उरकून तशीच आली होती, हातांना झेंडूचा वास. सासर पेठ रोडला. तिथे ठिबकच्या नळ्यांचं आणि पंपांचं मोठं दुकान, मागे रोपवाटिका. नवऱ्याने दुसरीकडे संसार मांडला आणि हिला मुलीसकट माहेरी आणून सोडलं. बरीच वाट पाहून तिने कोर्टात पोटगीचा अर्ज केला होता, स्वतःसाठी आणि शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी. त्यावर नवऱ्याने शपथेवर दिलेलं उत्तर तिने माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं, अर्जदार ही अनेक वर्षांपासून शिवणकामाचा स्वतंत्र व्यवसाय करीत असून तिच्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून तिच्या नावे ठेवी आहेत, सबब ती पोटगीस पात्र नाही. सोबत तिच्या नावाच्या रिटर्नच्या प्रती.

"वकीलबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुणाचे कागद चुकून लागले," वैशाली म्हणाली. "ताई, मला साधं हूक लावता येत नाही."

"मशीनच नाय त्यांच्या घरात," आई म्हणाली. "पोरीचा फ्रॉक उसवला तर माझ्याकडं पाठवायची. ही कवा शिवती?"

मी विचारलं, "सह्या कुणी केल्या?"

"आधी नाना, म्हणजे सासरे, कागद पुढे करायचे. मोठे माणूस, मी करायची. नंतर नंतर तर सहीसुद्धा कुणी मागितली नाही."

ते बरोबरच होतं. हल्ली सहीऐवजी मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की रिटर्न गेलं. वैशालीच्या आधारला, बँकेला आणि आयकराच्या पोर्टलवर, तिन्हीकडे मोबाइल नंबर नवऱ्याचा होता. हे आमच्याकडे घरोघरी असतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिची सही दर जुलैत नवऱ्याच्या खिशात वाजत होती आणि ही आत मजुरांच्या भाकरी थापत होती.

रिफंडचंही तसंच. तिच्या नावाच्या ठेवींवर बँक कर कापायची, रिटर्नमध्ये तो परत मागितला जायचा आणि दरवर्षी दोघांच्या जोडखात्यात जमा व्हायचा. कार्ड नवऱ्याकडे.

"म्हणजे सरकार मला पैसे पाठवत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी पोरीच्या बुटांसाठी नानांच्या तोंडाकडे बघत बसायची."

तिचं म्हणणं साधं होतं: ही जुनी रिटर्नं रद्द करा. ते करता येत नाही. चूक दुरुस्त करायला मुदत असते. ती टळली की उत्पन्न वाढवून दाखवता येतं, कमी करता येत नाही. जास्त कमावलं होतं असं उशिरा सांगितलेलं सरकारला चालतं, उलटं चालत नाही. मी तिच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "रिटर्न खोटी आहेत असं आपण म्हटलं, तर समोरचे विचारणार, प्रत्येक रिटर्नखाली 'वरील माहिती खरी आहे' असं हिच्याच नावाने लिहिलंय ना? मग हिच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

फोन स्पीकरवर होता. वैशालीने ऐकलं. "म्हणजे एक तर शिवणारी, नाहीतर खोटारडी," ती म्हणाली. "तिसरी कुणी नाहीच?"

जे हातात होतं ते करू म्हटलं. जुलैअखेर रिटर्नची मुदत संपते; जुलै तोंडावर आला होता आणि यंदाचं रिटर्न अजून कुणी भरलेलं नव्हतं. ते तरी तिचं तिने भरावं.

आधार केंद्रात तिला रांगेत उभं राहावं लागलं, बोटांचे ठसे द्यावे लागले. झेंडूच्या कामाने बोटं खरबरीत झालेली, ठसा पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. पण नंबर बदलला. मग पोर्टलचा पासवर्ड बदलला, तिच्या एकटीच्या नावाचं खातं जोडलं. जुलैत ती परत आली आणि मी तिला माझ्या शेजारी, स्क्रीनसमोर बसवलं. माझ्याकडची गिऱ्हाइकं टेबलापलीकडे बसतात. तिला पलीकडे बसवायला मन झालं नाही.

"शिवणकाम?" मी विचारलं.

"नाही."

तो रकाना रिकामा ठेवला. मग ठेवींचं व्याज आलं. तिने माझा हात धरला. "ताई, हे माझं म्हणून कसं लिहायचं? ठेवी नानांच्या आहेत."

ठेवी कुणाच्या नावावर, कर कुणी भरायचा, असं नेहमीचं काहीतरी मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कपाटातून नवऱ्याचं उत्तर काढलं आणि पुन्हा वाचलं. 'तिच्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून तिच्या नावे ठेवी आहेत.' शपथेवर, कोर्टासमोर, नवऱ्याच्या सहीने. कर वाचवायला एक कागद केला होता, पोटगी वाचवायला दुसरा. दोन्ही करताना माणसं हुशारच होती. पण दुसरा करताना पहिल्याचं ओझं कुणी मोजलं नव्हतं. महिन्याची पोटगी चुकवण्यासाठी त्यांनी घरातल्या मोठ्या ठेवी स्वतःच्या तोंडाने तिला देऊन टाकल्या होत्या.

वकीलबाईंना मी ते फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "उद्या आधी बँकेत जाऊ." ठेवींच्या पावत्या नानांकडे होत्या आणि कोऱ्या फॉर्मांवर वैशालीच्या सह्याही. म्हणून बँकेला लेखी कळवलं, खातेदार स्वतः समोर आल्याशिवाय एकही ठेव मोडू नये.

मला वाटलं होतं, पोरगी हरखून जाईल. पण बँकेतून परत माझ्या माडीवर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आता मी शिवत होते असं म्हणायचं?"

"तू काहीच म्हणू नकोस. ते म्हणतात ते त्यांना वाचून दाखवायचं."

"मला खोटं बोलून नको, ताई."

माझी सटकली. इतकी वर्षं हिच्या नावाने खोटं चाललं तेव्हा कुणी हिला विचारलं नाही, आणि आज पदरात काही पडतंय तर हिला सोवळं सुचतंय! मी तसं बोललेही. ती रडली नाही. म्हणाली, "मुलगी मोठी झाली की विचारेल ना, आई, हे पैसे कशाचे? मी काय सांगू, मी कपडे शिवले?"

मी स्क्रीनकडे वळले; ठेवी तिच्या नावाच्या म्हणून व्याज लिहिलं, शिवणकामाचा रकाना रिकामाच ठेवला. रिटर्नची एक एक ओळ तिने मला मोठ्याने वाचायला लावली. तिच्या मोबाइलवर ओटीपी आला तेव्हा विचारलं, "हा मीच टाकायचा?" आणि एकेक आकडा बघून टाकला. रिफंड तिच्या खात्यात आला तेव्हा तिने फोन केला नाही, पेढेही आणले नाहीत. ती कोर्टाच्या तारखेची वाट बघत होती.

कोर्टाने प्रकरण आधी मध्यस्थाकडे पाठवलं. मध्यस्थ म्हणजे निवृत्त न्यायाधीश, बोलणं हळू आणि चष्मा सतत पुसायची सवय. ठेवींचा प्रकार समजावून सांगायला मलाही आत बसू दिलं. नाना पांढऱ्या कपड्यांत, अदबीने वागणारे. मला नमस्कार केला, तब्येत विचारली. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"साहेब, पैसे आमचे आहेत," नाना म्हणाले. "नाव फक्त हिचं. या मॅडम त्याच लाइनीतल्या, त्यांना विचारा, सगळे असंच करतात."

मध्यस्थांनी चष्मा पुसला. "मग मुलाने शपथेवर लिहिलंय की ते हिच्या कष्टाचे. ते खोटं आहे का?"

नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. नाना वैशालीकडे वळले. आवाज चढवला नाही, घरातल्यासारखंच विचारलं, "वैशाली, तूच सांग. तू कधी शिवलंस?"

वकीलबाईंनी टेबलाखालून तिचा हात दाबला. मी जमिनीकडे बघत राहिले. नाही म्हणाली तर सगळं हातचं जाणार होतं. मुलीची शाळाही त्यात होती.

"नाही नाना," वैशाली म्हणाली. "एक बटणसुद्धा नाही."

नानांनी मध्यस्थांकडे बघितलं, झालं ना, अशा नजरेने. पण ती थांबली नव्हती.

"मी तुमच्या मजुरांच्या भाकऱ्या केल्या. रोपांच्या पिशव्या भरल्या. दुकानात माणूस नसला की नळ्या मोजून दिल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं केलं, तुम्हाला माहीत आहे. ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, म्हणून त्याचं मी काही मागत नाही. तुम्ही लिहिलं, मी शिवलं. दरवर्षी लिहिलं, सरकारला सांगितलं, आता कोर्टालाही सांगितलं. मग त्या शिवणकामाची मजुरी तरी द्या."

मी त्या खोलीत बसून खूप प्रकरणं ऐकली आहेत असं नाही, पण आयुष्यभर माणसांचे हिशेब ऐकले आहेत. असा हिशेब मी ऐकला नव्हता. नाना तिच्याकडे बघत होते. त्यांना राग आला असावा असं मला वाटलं होतं. तो राग नव्हता. आपल्या घरातली बाई इतकं बोलू शकते हे त्यांना बहुधा तेव्हाच कळत होतं. सासूबाईंचं नाव निघाल्यावर त्यांनी रुमाल काढला. मग मुलाला म्हणाले, "ठेवी तिच्याच राहू देत. सही कर."

नवरा काही बोलायला गेला, तर पुन्हा म्हणाले, "सही कर म्हटलं ना."

ठेवी वैशालीच्या राहिल्या. मुलीची पोटगी नवरा देणार, स्वतःसाठी ती काही घेणार नाही, असं ठरलं. मुद्दे लिहून झाले, सह्या झाल्या. तिचं लग्न मोडलं ते मोडलंच, त्याचा काही उपाय तिथे नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती तेव्हा रडली.

बाहेर पायऱ्यांवर तिची आई रिक्षा थांबवून उभी होती. वैशाली दोन पायऱ्या उतरली आणि मागे वळली. "ताई, तुमच्याकडे पण माझ्यासारख्या असतील ना?"

"आहेत," मी म्हटलं.

"त्यांना माहीत आहे?"

आईने हाक मारली, तशी ती गेली. मी माझ्या स्कूटरपाशी किल्ली हातात घेऊन उभी होते. ती काही टोचून बोलली नव्हती, खरोखरच विचारत होती. म्हणूनच जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी मी लेडीज फायलींचा गठ्ठा टेबलावर काढला. ऑफिस आता जिच्या हाती सोपवलं आहे ती माझी सहकारी अनघा तेव्हा शेजारी होती. प्रत्येक फाईलवर मोबाइल नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर सासऱ्याचा. मी म्हटलं, बायकांचे स्वतःचे नंबर शोध. यापुढे ज्यांच्या नावाचं रिटर्न, त्यांच्याशी बोलल्याशिवाय ते जाणार नाही, आणि नसलेलं शिवणकाम तर नाहीच नाही.

"ताई, गिऱ्हाइकं जातील," अनघा म्हणाली.

गेली. काही तर वर्षानुवर्षांची होती, ती आता रस्त्यात भेटली तरी बोलत नाहीत. ते पुढचं. त्या दिवशी मी पहिला फोन गंगापूर रोडच्या एका घरी लावला. यजमान माझे जुने गिऱ्हाईक, बाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं. फोन उचलला गेला, मागे कुकरची शिट्टी झाली.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी इन्कम टॅक्सचं काम बघते. तुमच्या शिवणकामाबद्दल थोडं बोलायचं होतं."

"शिवणकाम?" बाई हसल्या. "राँग नंबर लागला हो तुम्हाला. आमच्याकडे कुणी शिवत नाही."

"फोन ठेवू नका," मी म्हटलं. "तुमच्याशीच बोलायचं आहे."